सार्वजनिक ऋण : तूट आणि वाढ यांचे गणित

दरवर्षी अर्थसंकल्पाचे दिवस आले की सरकारच्या कर्जाचा आकडा वृत्तपत्रांतून ठळक अक्षरांत छापून येतो. त्यानंतर काही दिवस पंचायतीच्या कचेरीत, शाळेच्या शिक्षक-खोलीत आणि बाजाराच्या दिवशी चहाच्या दुकानात त्याच आकड्याची चर्चा चालते. तो आकडा लोकसंख्येने भागला जातो आणि 'जन्माला येणाऱ्या प्रत्येक बालकाच्या डोक्यावर इतके रुपये कर्ज' असे वाक्य तयार होते. ऐकणाऱ्यांपैकी काहींना वाटते की देश आता बुडालाच; काहींना वाटते की सरकारच्या कर्जाची चिंता सामान्य माणसाने कशाला करावी, सरकार आपले पाहून घेईल. ही दोन्ही मते परस्परविरुद्ध असली तरी त्यांचे मूळ एकच आहे. आकडा पाहिला जातो, पण तो कशाशी ताडून पाहावयाचा हे ठाऊक नसते.

'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. राज्याच्या ऋणाचा विचारही याच म्हणीपासून सुरू करता येईल; मात्र एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. घरातील अंथरूण आहे तेवढेच राहते. देशाचे अंथरूण म्हणजे देशाचे उत्पन्न. ते बहुतेक वर्षी लांबते आणि एखाद्या वर्षी आखडतेही. म्हणून राज्याच्या बाबतीत पाय किती पसरले एवढे विचारून भागत नाही. अंथरूण किती वेगाने वाढत आहे हेही विचारावे लागते. पाय पसरणे म्हणजे तूट आणि अंथरूण वाढणे म्हणजे आर्थिक वाढ. या दोहोंच्या परस्परसंबंधातून सार्वजनिक ऋणाची पातळी ठरते. हा संबंध समजावून घेण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. शाळेतील शेकडेवारीचे गणित पुरेसे आहे.

तूट आणि ऋण यांतील भेद

प्रथम दोन शब्द वेगळे केले पाहिजेत. तूट ही एका वर्षाची असते. ऋण हे आजवरच्या सर्व वर्षांचे साचलेले असते. ओहोळाचे पाणी बांधाच्या आत येत राहते आणि आत तळे साचते. ओहोळ म्हणजे तूट आणि तळे म्हणजे ऋण. ओहोळ बारीक झाला म्हणजे तळे आटू लागले असे होत नाही; ते केवळ पूर्वीपेक्षा सावकाश भरू लागते. 'या वर्षी तूट कमी झाली' आणि 'या वर्षी कर्ज कमी झाले' ही दोन अगदी भिन्न विधाने आहेत, आणि त्यांची गल्लत नेहमी होते.

तुटीचेही तीन प्रकार लक्षात ठेवण्यासारखे आहेत. वेतन, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने असा नित्याचा खर्च महसुली उत्पन्नातून भागला नाही, तर जी उणीव उरते ती महसुली तूट. कर्जाखेरीज झालेली सर्व जमा आणि सर्व खर्च यांतील अंतर म्हणजे राजकोषीय तूट. हे अंतर प्रामुख्याने नव्या कर्जानेच भरून काढावे लागते. या राजकोषीय तुटीतून जुन्या कर्जावरील व्याज वजा केले म्हणजे उरते ती प्राथमिक तूट. महसुली तूट घरखर्चाची ओढाताण दाखविते, राजकोषीय तूट या वर्षीच्या कर्जाची गरज दाखविते, आणि प्राथमिक तूट आजचे सरकार स्वतःच्या निर्णयाने किती कर्ज वाढवीत आहे ते दाखविते. कारण व्याज हे कालच्या निर्णयांचे फळ असते.

भारत सरकारच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पी अंदाजांवरून हा भेद स्पष्ट होतो. त्या वर्षी कर्जाखेरीजची जमा ३४.९६ लाख कोटी रुपये आणि एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी रुपये धरण्यात आला होता. म्हणजे राजकोषीय तूट १५.६९ लाख कोटी रुपये झाली. ती देशाच्या उत्पन्नाच्या ४.४ टक्के होती. याच खर्चात व्याजाची रक्कम १२.७६ लाख कोटी रुपये होती. ती वजा करता प्राथमिक तूट अवघी २.९३ लाख कोटी रुपये उरते. याचा अर्थ असा, की नव्या कर्जाचा मोठा भाग जुन्या कर्जाच्या व्याजाइतका आहे.

ऋणाचे माप

एका गावात दोन बागायतदार आहेत असे समजावे. एकाच्या डोक्यावर दोन लाखांचे कर्ज आहे आणि त्याचे कुळागर त्याला वर्षाला दहा लाखांचे उत्पन्न देते. दुसऱ्याचे कर्ज एक लाखाचे आहे, पण उत्पन्नही लाखभराचेच आहे. कर्जाची रक्कम पाहिली तर पहिला अधिक ऋणको ठरतो; परंतु गावातील कोणताही समजदार माणूस दुसऱ्याचीच काळजी करील. राज्याचे ऋणही असेच उत्पन्नाच्या शेकडेवारीत मोजले जाते. देशात वर्षभरात निर्माण झालेल्या वस्तू व सेवांच्या एकूण मूल्याला स्थूल देशांतर्गत उत्पादन म्हणतात. राज्यापुरते ते सकल राज्य उत्पादन होय. या लेखात सोयीसाठी त्यालाच 'उत्पन्न' म्हटले आहे. ऋणाला या उत्पन्नाने भागून जी शेकडेवारी येते, ती ऋणाची खरी पातळी होय.

भागाकारात दोन संख्या असतात. वरची संख्या वाढली तर भागाकार वाढतो. खालची वाढली तर तो घटतो. तूट वरच्या संख्येत भर घालते आणि आर्थिक वाढ खालच्या संख्येत. म्हणून कर्ज रुपयांत वाढत असतानाही त्याचा भार घटू शकतो. आणि नवा रुपया न काढताही भार वाढू शकतो. सर्व विषयाचे सार या एका विधानात आहे.

शेकडेवारीचे एक उदाहरण

समजा, एका राज्याचे उत्पन्न १०० आहे आणि त्याचे ऋण ६० आहे. कर्जावर शेकडा ७ दराने व्याज पडते, म्हणजे व्याजाचे ४.२० होतात. सरकार बाकीचा सर्व खर्च आपल्या जमेतून भागविते, पण व्याजापुरते नवे कर्ज काढते. म्हणजे प्राथमिक तूट शून्य आहे. वर्षअखेर ऋण ६४.२० होईल.

आता उत्पन्नाकडे पाहावे. ते शेकडा १० ने वाढून ११० झाले, तर ऋणाचे प्रमाण ५८.४ टक्क्यांवर येते. कर्ज वाढले, तरी भार घटला. उत्पन्न शेकडा ५ नेच वाढून १०५ झाले, तर प्रमाण ६१.१ टक्के होते. आणि उत्पन्न मुळीच वाढले नाही, तर ते ६४.२ टक्क्यांवर जाते. तिन्ही ठिकाणी सरकारचे वर्तन तेच, कर्जही तेच. फरक आहे तो केवळ वाढीचा.

यातून पहिला नियम निघतो. उत्पन्नवाढीचा दर व्याजदरापेक्षा अधिक असेल तर जुन्या ऋणाचा भार आपोआप हलका होत जातो. व्याजदर वाढीच्या दरापेक्षा अधिक असेल तर तो आपोआप जड होत जातो. येथे वाढीचा दर चालू किमतींनुसार धरावयाचा असतो, म्हणजे प्रत्यक्ष उत्पादनातील वाढ आणि भाववाढ या दोहोंची बेरीज.

आता याच उदाहरणात सरकारने व्याजाशिवाय आणखी २ इतके कर्ज काढले असे धरू. ऋण ६६.२० होईल. उत्पन्न ११० झाले तर प्रमाण ६०.२ टक्के येते, म्हणजे जवळजवळ होते तेथेच राहते. उत्पन्न १०५ झाले तर मात्र ते ६३ टक्क्यांवर जाते. अर्थात वाढ चांगली असेल तर थोडी प्राथमिक तूट पचते. वाढ मंदावली की तीच तूट अंगावर येते. दुसरा नियम तो हाच.

ऋण कोठे स्थिरावते?

तूट दरवर्षी होतच राहिली तर ऋण अमर्याद वाढत जाईल काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ एव्हसे डोमर यांनी १९४४ मध्ये या प्रश्नाचे जे उत्तर दिले ते आजही पायाभूत मानले जाते. समजा, तूट दरवर्षी उत्पन्नाच्या ४ टक्के आहे आणि उत्पन्न दरवर्षी शेकडा १० ने वाढते. ऋण उत्पन्नाच्या ४० टक्क्यांवर पोहोचले की त्यात पडणारी ४ ची भर म्हणजे ऋणाचीही शेकडा १० ची वाढ होय. दोघांचा वेग सारखा झाला, की प्रमाण तेथेच थांबते. ढोबळ मानाने, तुटीच्या शेकडेवारीला वाढीच्या दराने भागले म्हणजे ऋण कोठे स्थिरावेल ते कळते. वाढ शेकडा १० ऐवजी ५ झाली तर तीच ४ टक्क्यांची तूट ऋणाला ८० टक्क्यांपर्यंत नेते. वाढ निम्मी झाली, की ऋणाची पातळी दुप्पट होते. आणि वाढ अजिबात नसेल तर ऋणाला थांबण्याची जागाच उरत नाही.

युरोपातील राष्ट्रांनी १९९२ मध्ये मास्ट्रिख्ट येथे जो करार केला, त्यात तुटीला ३ टक्के आणि ऋणाला ६० टक्के अशा मर्यादा घातलेल्या आहेत. चालू किमतींनुसार वाढीचा दर ५ टक्के धरला तर ३ ला ५ ने भागून ६० टक्के येतात, हे वाचकांच्या सहज लक्षात येईल.

भारताचा अनुभव

हे गणित कागदावरचे नाही, याची साक्ष भारताच्या गेल्या साडेचार दशकांच्या इतिहासात मिळते.

केंद्र सरकारच्या महसुली खात्यात १९७९-८० पासून तूट येऊ लागली आणि ती पुढे कायमची झाली. १९८० नंतरच्या दशकात देशाची आर्थिक वाढ त्याआधीच्या दशकांपेक्षा चांगली होती; परंतु तूट तिच्यापेक्षाही वेगाने वाढली आणि १९९०-९१ मध्ये केंद्राची राजकोषीय तूट उत्पन्नाच्या सुमारे ८ टक्क्यांवर गेली. या काळात सरकारला कर्ज स्वस्त पडावे अशी व्यवस्था होती. १९९० मध्ये बँकांना आपल्या ठेवींपैकी ३८.५ टक्के रक्कम सरकारी रोखे व तत्सम साधनांत गुंतविणे बंधनकारक होते. त्यामुळे व्याजाचा भार खऱ्यापेक्षा कमी दिसत असे. त्याची किंमत ठेवीदार आणि उद्योगांसाठी कर्ज मागणारे लोक मोजीत होते.

अंतर्गत कर्जाला अशी टेकणी लावता आली, तरी परकीय चलनातील कर्जाला ती लागू पडत नाही. ऑगस्ट १९९० मध्ये आखाती संकट उद्भवले, तेलाचे भाव चढले आणि १९९१ च्या मध्यास परकीय चलनाची गंगाजळी काही आठवड्यांच्या आयातीपुरतीच उरली. मे १९९१ मध्ये २० टन आणि जुलैमध्ये आणखी सुमारे ४७ टन सोने परदेशी पाठवून निधी उभारावा लागला. चांगली वाढ असली म्हणजे कितीही तूट चालते, या समजुतीला मिळालेले ते उत्तर होते. तूट भागविण्यासाठी तदर्थ ट्रेझरी बिलांच्या मार्गाने रिझर्व्ह बँकेकडून आपोआप पैसा उचलण्याची प्रथा पुढे १ एप्रिल १९९७ पासून बंद करण्यात आली.

दुसरा कालखंड याच्या उलट आहे. राजकोषीय उत्तरदायित्व व अर्थसंकल्प व्यवस्थापन अधिनियम २००३ मध्ये संमत झाला आणि ५ जुलै २००४ पासून अमलात आला. त्यानंतरची काही वर्षे आर्थिक वाढ जोमदार होती, करांचे उत्पन्न वाढत होते आणि केंद्राची तूट २००७-०८ मध्ये सुमारे २.५ टक्क्यांपर्यंत उतरली. केंद्र व राज्ये यांचे एकत्रित ऋण २००३-०४ मध्ये उत्पन्नाच्या ८० टक्क्यांहून अधिक होते. ते त्या दशकाच्या अखेरीस ७० टक्क्यांच्या आसपास आले. या काळात रुपयांतील कर्ज वाढतच होते, हे येथे विशेष ध्यानात घ्यावे. भार हलका झाला तो कर्ज फेडल्यामुळे नव्हे, तर तूट आवरलेली आणि वाढ जोमाची अशी दोन्ही कामे एकाच वेळी झाल्यामुळे.

तिसरा प्रसंग सर्वांच्या स्मरणात ताजा आहे. २०२०-२१ च्या अर्थसंकल्पात केंद्राची तूट ३.५ टक्के धरलेली होती. महामारीमुळे व्यवहार ठप्प झाले, करांची जमा घटली, धान्यवाटप व आरोग्य यांवरील खर्च वाढला आणि तूट ९.२ टक्क्यांवर गेली. त्याच वर्षी देशाचे उत्पन्न चालू किमतींनुसारही घटले. भागाकारातील वरची संख्या वाढली आणि खालची आखडली. केंद्राचे ऋण एका वर्षात उत्पन्नाच्या सुमारे ५१ टक्क्यांवरून ६१ टक्क्यांवर चढले. केंद्र व राज्ये मिळून ते ९० टक्क्यांच्या आसपास गेले. पुढच्या वर्षी, २०२१-२२ मध्ये, तूट अजूनही साडेसहा टक्क्यांहून अधिक होती. परंतु उत्पन्न सावरले, भावही वाढले आणि चालू किमतींनुसार वाढ १८ टक्क्यांहून अधिक झाली. इतकी मोठी तूट असूनही ऋणाचे प्रमाण त्या वर्षी उतरले. २०२५-२६ च्या अंदाजात केंद्राचे ऋण ५६.१ टक्के धरण्यात आले, आणि ३१ मार्च २०३१ पर्यंत ते ५० टक्क्यांवर, एक टक्का कमी-अधिक, आणण्याचे उद्दिष्ट जाहीर करण्यात आले. एका वर्षात जे चढले ते उतरविण्यास दहा वर्षे लागत आहेत, हे या आकड्यांवरून दिसते.

गोव्याचा धडा

उत्पन्न आखडले म्हणजे काय होते, याचे उदाहरण शोधण्यास गोमंतकीय वाचकाला दूर जावे लागत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातील लोहखनिजाचे उत्खनन स्थगित झाले आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. सांगे, केपे, डिचोली, सत्तरी या भागांतील खाणी थांबल्या, ट्रक अंगणात उभे राहिले आणि मांडवी-जुवारीतून खनिज नेणारे बार्ज बंद पडले. राज्याचे उत्पन्न चालू किमतींनुसार २०११-१२ मध्ये सुमारे ४२ हजार कोटी रुपये होते. ते २०१२-१३ मध्ये सुमारे ३८ हजार कोटींवर आणि २०१३-१४ मध्ये सुमारे ३६ हजार कोटींवर घसरले.

यात ऋणाचे गणित मांडून पाहावे. एखाद्या राज्याचे ऋण उत्पन्नाच्या २५ टक्के असेल आणि उत्पन्न ४२ वरून ३६ वर आले, तर एकही नवा रुपया न काढता ते ऋण २९ टक्क्यांवर जाते. शिवाय उत्पन्न घटले की स्वामित्वशुल्क आणि कर घटतात. पण शिक्षकांचे वेतन, निवृत्तिवेतन, दवाखाने आणि पाणीपुरवठा यांचा खर्च घटत नाही. म्हणजे खालची संख्या आखडते त्याच वेळी वरची संख्या वाढण्याची निकड निर्माण होते. एकाच व्यवसायावर फार भिस्त असलेल्या राज्याने चांगल्या वर्षांत ऋण बेताचे ठेवणे किती आवश्यक आहे, हे यावरून कळून येते.

एप्रिल २०१४ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेत उत्खननास अनुमती दिली आणि विक्रीतून येणाऱ्या रकमेचा दहावा भाग लोहखनिजाच्या कायमस्वरूपी निधीत ठेवण्याचा आदेश दिला. भूगर्भातील खनिज ही पुढच्या पिढ्यांचीही ठेव आहे, ती विकून आलेला पैसा सर्वस्वी आजच खर्च होऊ नये, हा त्यामागील विचार आहे. सार्वजनिक ऋणाचा विचार याच जातीचा आहे. खनिज विकणे म्हणजे उद्याची ठेव आज मोडणे. कर्ज काढणे म्हणजे उद्याचे उत्पन्न आज वापरणे. दोन्हींच्या बदल्यात उद्यासाठी काय ठेवले, हाच प्रश्न दोन्हीकडे विचारावयाचा असतो.

राज्यांवरील मर्यादा

राज्य सरकारची स्थिती केंद्रापेक्षा अधिक बांधलेली असते. संविधानाच्या अनुच्छेद २९३ प्रमाणे राज्याला भारताच्या हद्दीतच कर्ज काढता येते, आणि केंद्राचे कर्ज फिटलेले नसेल तर नव्या कर्जास केंद्राची संमती लागते. नोटा छापण्याचा अधिकार राज्याला नाही. बाजारातील त्याचे रोखे रिझर्व्ह बँकेमार्फत विकले जातात. कर्नाटकाने २००२ मध्ये, केंद्राच्याही आधी, आपला वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा केला. मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र या राज्यांनी २००५ मध्ये आणि गोव्याने २००६ मध्ये असे कायदे केले. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या निव्वळ कर्जाची सर्वसाधारण मर्यादा २०२१-२२ साठी राज्य उत्पादनाच्या ४ टक्के, २०२२-२३ साठी ३.५ टक्के आणि त्यापुढील तीन वर्षांसाठी ३ टक्के सुचविली; वीजक्षेत्रातील सुधारणांसाठी काही जादा सवलत ठेवली.

ही मर्यादाही उत्पन्नाच्या शेकडेवारीतच आहे. राज्याचे उत्पन्न वाढले तर कर्ज काढण्याची मुभा रुपयांत वाढते. उत्पन्न आखडले तर मुभाही आखडते, आणि तीही नेमकी गरजेच्या वेळी.

कर्ज कशासाठी?

येथवर वाढीचा दर जणू आकाशातून पडतो असे धरून विवेचन केले. प्रत्यक्षात तो बऱ्याच अंशी कर्जाचा पैसा कोठे गेला यावर अवलंबून असतो. खाजन शेतीचा फुटका बांध दुरुस्त करण्यासाठी शेतकऱ्याने कर्ज काढले, तर खारे पाणी अडते, भात पिकते आणि त्या पिकातूनच हप्ता भरता येतो. तेवढेच कर्ज काढून सण साजरा केला, तर दुसऱ्या वर्षी बांध फुटकाच असतो आणि हप्ता मात्र चालू झालेला असतो. सरकारच्या बाबतीत पाटबंधारे, रस्ते, वीजवाहिन्या, शाळेच्या इमारती हा भांडवली खर्च पुढील उत्पन्न वाढवितो. शिक्षकाचे वेतन हिशेबात महसुली खर्चात पडत असले तरी तेही उद्याच्या उत्पन्नाचे बीज आहे, हे खरे. तथापि नित्याचा खर्च नित्याच्या उत्पन्नातून भागावा ही शिस्त टिकली, तरच कर्ज नव्या कामांसाठी मोकळे राहते. २०२५-२६ च्या अंदाजात केंद्राची महसुली तूट ५.२४ लाख कोटी रुपये होती. म्हणजे वर्षभरातील १५.६९ लाख कोटींच्या तुटीपैकी एक-तृतीयांश तूट नित्य खर्चाची होती.

व्याजाचा प्रश्न याच ठिकाणी उभा राहतो. त्याच अंदाजानुसार कर्जाखेरीज केंद्राकडे येणाऱ्या प्रत्येक १०० रुपयांपैकी सुमारे ३६ रुपये व्याजात जातात. व्याज थांबविता येत नाही. थांबविता येतो तो नळपाणी योजनेचा पुढील टप्पा, शाळेची नवी खोली किंवा पुलाची दुरुस्ती. ऋण फार वाढल्याची जाणीव गावाला सोने गहाण पडल्याच्या बातमीने क्वचितच होते. बहुधा ती 'निधी उपलब्ध नाही' या शेऱ्यातून होते.

दोन गैरसमज

'वाढ झाली की कर्ज आपोआप मिटते' हा पहिला गैरसमज. वाढ भार हलका करते, पण ती हाती नसते. पाऊस, युद्ध, रोगराई किंवा न्यायालयाचा निर्णय ती एका वर्षात बदलू शकतो. तूट मात्र पुष्कळशी हाती असते. त्याचप्रमाणे भाववाढीने भागाकारातील खालची संख्या फुगते आणि भार उतरल्यासारखा दिसतो, तेव्हा त्याची किंमत निश्चित व्याजावर जगणारा निवृत्त माणूस आणि मजूर मोजतात.

'सरकारी कर्ज म्हणजे परक्याचे देणे' हा दुसरा. भारत सरकारच्या ऋणातील परकीय वाटा लहान आहे. उरलेले कर्ज देशातील बँका, आयुर्विमा महामंडळ, भविष्यनिर्वाह निधी आणि अल्पबचत योजना यांच्याकडून आलेले असते. टपाल कचेरीत आवर्ती ठेव भरणारी गृहिणी आणि राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र घेणारा शिक्षक हेही सरकारचे धनको होत. म्हणून कर्ज बुडविणे हा मार्ग असूच शकत नाही. आणि म्हणूनच ते बेताने काढले जावे यात धनको आणि करदाता या दोन्ही नात्यांनी नागरिकाचे हित गुंतलेले आहे.

अर्थसंकल्प वाचताना

अर्थसंकल्पाची कागदपत्रे सर्वांना पाहण्यास खुली असतात. शिक्षकांनी वरच्या वर्गांत, तसेच पंचायत सदस्यांनी व ग्रामस्थांनी आपल्या अभ्यासमंडळांत पुढील प्रश्न समोर ठेवून ती वाचल्यास मोठ्या आकड्यांचे भय उरणार नाही.

१. ऋण उत्पन्नाच्या किती टक्के आहे, आणि पाच वर्षांपूर्वी ते किती होते?

२. उत्पन्नाची अपेक्षित वाढ सरकार देत असलेल्या व्याजाच्या सरासरी दरापेक्षा अधिक आहे की कमी? ती वाढ प्रत्यक्षात निम्मीच झाली तर तूट किती होईल?

३. राजकोषीय तुटीपैकी व्याज किती आणि प्राथमिक तूट किती?

४. नव्या कर्जापैकी महसुली तुटीत किती जाते आणि नव्या कामांना किती उरते?

५. गेल्या वर्षी मंजूर झालेला भांडवली खर्च वर्षअखेर खरोखर झाला काय?

भारत सरकारचे काही रोखे चाळीस वर्षांच्या मुदतीचे असतात. असा रोखा आज विकला गेला, तर गावच्या शाळेत आज पहिलीत बसलेले मूल शेहेचाळीस वर्षांचे होईल तेव्हा त्याची मुद्दल देय होईल. त्या वेळी ती भरण्यास लागणारा कर तेच मूल देत असेल. त्या पैशातून आज बांधलेला पूल तेव्हा उभा असेल, आज शिकविलेले गणित तेव्हा उपयोगी पडत असेल, तर त्याने तो कर कुरकुर न करता भरावा अशी अपेक्षा करण्याचा हक्क आजच्या पिढीला राहील.